कुणग्यातला क्लच

आचऱ्याहून चिंदरकडे किंवा मसुऱ्याच्या बाजूला जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गेले, की मालवण तालुक्यातले भाताचे कुणगे किती लहान आहेत ते डोळ्यांत भरते. दोन-अडीच गुंठ्यांचा तुकडा, त्याला मेर, मेरेपलीकडे हातभर खाली दुसरा तुकडा. अशा जागेत चिखलणीला उतरलेला ट्रॅक्टर सरळ चालतो थोडा आणि वळतो फार. २० मीटर लांबीचा कुणगा ताशी ३ किलोमीटरच्या वेगाने ओलांडायला २४ सेकंद लागतात. तेवढ्यात मेर समोर येते. क्लच दाबायचा, रोटाव्हेटर उचलायचा, गिअर बदलून मागे घ्यायचे, पुन्हा क्लच दाबून पुढे निघायचे. विदर्भात २०० मीटर लांबीच्या वावरात तेच काम करणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत चार मिनिटे क्लचकडे पाय न्यावा लागत नाही.

दोन्ही ट्रॅक्टरांच्या मीटरवर सारखेच तास पडतात. क्लचने सोसलेले मात्र सारखे नसते. म्हणून देशावर अमुक तास टिकलेली क्लच प्लेट कोकणातही तितकीच टिकेल, हा हिशेब सिंधुदुर्गात चुकतो. त्यात भर चिखलाच्या पाण्याची, खाऱ्या वाऱ्याची आणि यंत्राच्या वयाची. नवा ट्रॅक्टर घेणे परवडत नाही म्हणून घाटावरून वापरलेला ट्रॅक्टर आणणारे शेतकरी या भागात आहेत, आणि अशा ट्रॅक्टरचा क्लच आधीच्या मालकाकडे किती झिजला होता याची नोंद कागदावर कुठेच नसते.

हे जुने ट्रॅक्टर दणकट मात्र आहेत. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीचे बी-२७५ हे मॉडेल १९५८ साली इंग्लंडमध्ये आले. महिंद्र, हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि १९६५ पासून मुंबईत कांदिवलीच्या कारखान्यातून हेच बी-२७५ बाहेर पडू लागले. फरिदाबादच्या आयशरने त्याआधी १९५९ मध्ये सुरुवात केली होती. चेन्नईच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनच्या ३५ या घराण्यातले १०३५ रुजवले, पिंजोरच्या एचएमटीने १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून २५११ बनवला, तर १९७४ साली आलेला स्वराज ७२४ हा दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत आखलेला देशी ट्रॅक्टर. नावे वेगळी, रंग वेगळे, पण क्लचचा गाभा बहुतेक सगळ्यांत एकच: कोरडी, एका प्लेटची, स्प्रिंगच्या दाबावर चालणारी रचना. एकाचे काम नीट समजले की दुसऱ्याचे समजायला वेळ लागत नाही.

ही रचना अशी. इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील फिरते. त्याला बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट त्याच्याबरोबर फिरते. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे लायनिंग रिव्हेटने ठोकलेले असते आणि तिच्या मधल्या खाचांत गिअरबॉक्सचा शाफ्ट अडकलेला असतो. स्प्रिंगा प्रेशर प्लेटला फ्लायव्हीलकडे रेटतात, क्लच प्लेट मध्ये चेपली जाते आणि इंजिनचा जोर चाकांकडे जातो. चालकाने पायडल दाबले, की फोर्क क्लच बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग तीन फिंगरांच्या आतल्या टोकांवर टेकते, फिंगर तरफेसारखे फिरून प्रेशर प्लेट मागे ओढतात आणि मधली प्लेट मोकळी होते.

चेपणाऱ्या या दाबाचा अंदाज घ्यायला हवा, कारण पुढच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ तिथे आहे. ३५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या करत असेल, तर त्याचा पीळ साधारण १२५ न्यूटन-मीटर भरतो. ११ इंची प्लेटच्या दोन पृष्ठभागांवरून तो घसरू न देता पोचवायचा, तर घर्षणाचा गुणांक ०.३ धरून सुमारे १८० किलोचा दाब लागतो. धक्के आणि झीज सोसण्यासाठी आखणारे त्याच्या दुपटीहून अधिक दाब ठेवतात, म्हणजे ४०० किलोच्या आसपास. खताची ५० किलोची आठ पोती एकावर एक रचावीत तेवढा. पायडल, रॉड, फोर्क आणि फिंगर या तरफांच्या साखळीमुळे माणसाचा एक पाय तो दाब उचलू शकतो. याच लायनिंगला तेल लागले की घर्षण निम्म्याहून खाली येते. मग स्प्रिंगा नव्या असोत की जुन्या, प्लेट घसरतेच.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त चुकीची समजली जाणारी गोष्ट. पायडल हाताने हलके दाबले तर सुरुवातीला ते सहज खाली जाते, मग एका ठिकाणी स्प्रिंगचा विरोध लागतो. सुरुवातीच्या या मोकळ्या चालीला गॅरेजमध्ये फ्री प्ले म्हणतात, कुणी नुसता खेळ म्हणतात. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत तो २० ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेला असतो. नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत मिळतो. पायडलचा हा खेळ म्हणजे आत क्लच बेअरिंग आणि फिंगर यांच्यातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीची बाहेर दिसणारी खूण आहे.

यंत्राचा कुठलाही भाग झिजला की तो ढिला होतो, असा आपला सर्वसाधारण अनुभव असतो. क्लचचे उलट आहे. प्लेटचे लायनिंग झिजून पातळ झाले की प्रेशर प्लेट तेवढी फ्लायव्हीलकडे सरकते. फिंगर तरफेसारखे असल्याने त्यांची आतली टोके विरुद्ध दिशेला, म्हणजे बेअरिंगकडे येतात. फट कमी होते आणि पायडलचा खेळही कमी होतो. लायनिंग संपत जाते तसे पायडल घट्ट होत जाते. चालकाला मात्र वाटते, क्लच छान कडक लागतोय, वरच्यावर सुटतोय. शेवटी फट शून्यावर येते. बेअरिंग कायम फिंगरांवर टेकून राहते आणि पाय पायडलवर नसतानाही क्लच किंचित दाबलेला राहतो. चेपण्याचा दाब घटतो, प्लेट घसरते, तापते, घसरल्यामुळे आणखी झिजते, झिजल्यामुळे आणखी घसरते. या टप्प्यावर आलेला क्लच चिखलणीच्या ओझ्याखाली किती वेळ तग धरेल याचा भरवसा नाही. जळकट वास आला, इंजिनचा आवाज चढला पण चाके तेवढ्याच वेगाने फिरत राहिली, की मालवणीत म्हणतात तसे ‘गाडी उचलणा नाय’. तोवर फ्लायव्हीलच्या चकचकीत अंगावर निळे डाग पडलेले असतात.

खेळ वेळेवर मोजला तर हे सारे टळते. त्याला लागते एक पट्टी आणि पाच मिनिटे. इंजिन बंद करावे, गिअर न्यूट्रलला ठेवावा, चाकांना दगड लावावेत. पट्टी पायडलशेजारी उभी धरून, पायडल हाताने विरोध लागेपर्यंत दाबावे आणि अंतर वाचावे.

जुन्या ट्रॅक्टरात इथे एक फसगत होते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पायडलपासून फोर्कपर्यंत जाणाऱ्या रॉडच्या दोन्ही टोकांना पिना असतात. वर्षानुवर्षांच्या वापराने त्या पिना झिजतात, रॉडच्या टोकाच्या योकची भोके लांबट होतात, पायडलच्या शाफ्टचे बुश सैल होतात. या तिघांची मिळून ढिलाई पायडलपाशी २० मिलिमीटरसुद्धा भरू शकते. पट्टीवर आकडा बरोबर येतो, मालक निर्धास्त होतो आणि आत बेअरिंग फिंगरांना टेकलेले असते. म्हणून जाणता मेस्त्री पायडलवर विश्वास ठेवत नाही. तो खाली वाकून क्लचच्या घरातून, म्हणजे बेल हाउसिंगमधून, बाहेर आलेला फोर्कचा दांडा हाताने हलवून बघतो. तो दांडा किंचित मोकळा हलला, तर फट आहे. नाही हलला, तर पायडल काहीही सांगो, फट संपलेली आहे. पिना आणि बुश ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती, पण तीच सगळ्यांत शेवटी होते. ती आधी व्हावी.

खेळ बसवणे अवघड नाही. रॉडवरचा लॉकनट सैल करायचा, योकची पीन काढायची, योक रॉडवर आत-बाहेर फिरवून रॉडची लांबी बदलायची, पीन घालून पुन्हा मोजायचे. रॉड ओढणारा आहे की ढकलणारा, यावर तो लांब करायचा की आखूड हे ठरते, म्हणून अर्धा-अर्धा आटा फिरवून दर वेळी मोजणे बरे. माप जमले की लॉकनट घट्ट करायचा आणि पिनेला नवी स्प्लिट पीन घालायची. जुनी वाकडी करून पुन्हा घातलेली स्प्लिट पीन तुटते आणि भर रस्त्यात, मागे चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली असताना, क्लचचे पायडल खाली पडून राहते. मालवण-कट्ट्याच्या चढ-उतारांवर अशी वेळ येणे म्हणजे जीवावरचा प्रसंग.

मॅसी फर्ग्युसनच्या घराण्यात आणि इतरही काही मॉडेलांत डबल क्लच असतो. पायडल अर्धे दाबले की चाके थांबतात पण पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा शाफ्ट, फिरत राहतो. पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो. रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र चालवणाऱ्याला ही मोठी सोय आहे, कारण कुणग्यात वळताना रोटाव्हेटरची पाती न थांबवता ट्रॅक्टर थांबवता येतो. पण इथे बसवायच्या गोष्टी दोन: पायडलचा खेळ आणि दुसऱ्या टप्प्याची आतली फट. ही दुसरी फट बेल हाउसिंगच्या झाकणातून, फीलर गेज घालून, फ्लायव्हील हाताने फिरवत तिन्ही ठिकाणी सारखी करावी लागते. नुसत्या पायडलच्या रॉडशी खेळून ती जमत नाही. चाके सुटतात पण पीटीओ सुटत नाही अशी तक्रार असेल, तर शोध इथे घ्यावा.

सगळ्याच तक्रारी झिजेच्या नसतात. पायडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना करकर होत असेल, तर क्लच सुटत नाही. खेळ गरजेपेक्षा जास्त असणे हे त्याचे साधे कारण. प्लेट वाकडी होणे, शाफ्टच्या खाचा गंजून प्लेट त्यावर न सरकणे किंवा फ्लायव्हीलच्या मध्यातले पायलट बेअरिंग जाम होणे ही आतली कारणे. ट्रॅक्टर निघताना थरथरत असेल, तर प्लेटला तेल लागले आहे किंवा तीन फिंगरांची उंची सारखी नाही. आवाज तर बरोबर पत्ता सांगतात. पायडलवर पाय टेकताच घरघर सुरू झाली तर क्लच बेअरिंग गेले. गिअरमध्ये उभे असताना पायडल पूर्ण दाबल्यावरच किंचाळल्यासारखा आवाज आला तर पायलट बेअरिंगकडे बघावे, कारण शाफ्ट थांबलेला आणि फ्लायव्हील फिरत असते ते तेव्हाच. आणि न्यूट्रलमध्ये पायडल सोडल्यावर आवाज येऊन दाबल्यावर थांबला, तर दुखणे गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचे आहे. क्लच निर्दोष आहे.

मालवण किनाऱ्याची खरी विशेष अडचण पाण्याची. चिखलणीत ट्रॅक्टर चाकांच्या आसापर्यंत गाळात उतरतो आणि केज व्हील पाणी उडवत राहतात. क्लच ज्या बेल हाउसिंगमध्ये बसतो, त्याच्या तळाला अनेक ट्रॅक्टरांत एक भोक असते. आत गळलेले तेल किंवा शिरलेले पाणी तिथून बाहेर पडावे म्हणून. त्या भोकात एक स्प्लिट पीन सैल लोंबकळत ठेवलेली असते. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने ती हलत राहते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. किती साधी आणि किती शहाणी योजना! पण ती पीन निरुपयोगी समजून काढून टाकली जाते, भोक बुजते आणि आत शिरलेले गढूळ पाणी प्लेटच्या पायथ्याशी साचून राहते. खोल पाण्यात उतरताना काही मॉडेलांत हे भोक बूच लावून बंद करण्याची सोय असते. तसे केले असेल तर काम संपल्यावर बूच काढायलाच हवे.

हेच भोक रोगनिदानालाही उपयोगी पडते. तिथून थेंब पडत असतील तर बोटावर घेऊन बघावेत. काळे, पातळ तेल म्हणजे इंजिनचे मागचे सील गळते आहे. पिवळसर, दाट आणि उग्र वासाचे म्हणजे गिअरबॉक्सचे. दोन्हींचा शेवट प्लेट तेलकट होण्यात आहे. सील न बदलता फक्त प्लेट बदलली, तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा निघते.

लावणी आटोपली की ट्रॅक्टर मांगरात जातो आणि पुष्कळदा भातकापणीपर्यंत तिथेच राहतो. ऑगस्ट-सप्टेंबरची हवा, ओली प्लेट आणि समुद्रावरून येणारे मिठाचे बारीक कण या तिन्हींची गाठ बेल हाउसिंगच्या अंधारात पडते. फ्लायव्हील बिडाचे असते. त्यावर गंज चढतो, मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि गंजाचा तो थर लायनिंगला चिकटतो. चतुर्थीनंतर ट्रॅक्टर सुरू करावा तर पायडल दबते, पण प्लेट सुटत नाही.

अशा वेळी गिअर टाकून स्टार्टर मारणारे लोक आहेत. हे करू नये. क्लच चिकटलेला असताना ट्रॅक्टर स्टार्टरबरोबरच उडी घेतो, आणि समोर मांगराची भिंत, मेर किंवा विहीर असते. आधी न्यूट्रलमध्ये इंजिन चालवून अर्धा तास चांगले तापू द्यावे. उष्णतेने पकड सैल होते. मग इंजिन बंद करून, डिझेल तोडणारा स्टॉपचा दांडा ओढलेला ठेवून, मोकळ्या सपाट जागी वरच्या गिअरमध्ये पायडल पूर्ण दाबून धरावे आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने हलका हिसका द्यावा. बऱ्याचदा प्लेट सुटते. नाही सुटली तर खोलण्यावाचून मार्ग नाही. मुळात ही वेळच न येण्याचा उपाय जुना आहे: ट्रॅक्टर उभा करताना पायडल पूर्ण दाबून ते दबलेलेच राहील असा लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवावा, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलपासून सुटी राहते. काही कंपन्यांनी यासाठी पायडलला खास अडकवणीच दिली होती. ठेवण्यापूर्वी ट्रॅक्टर कोरड्या रस्त्यावर चालवून, आठ-दहा वेळा क्लच दाबून-सोडून प्लेट वाळवली तर आणखी चांगले.

खोलणे म्हणजे काय, हे मोटारीवरून कळणार नाही. जुन्या ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. १९१७ साली आलेल्या अमेरिकन फोर्डसनने इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचाच सांगाडा करण्याची पद्धत रूढ केली आणि जगभरचे ट्रॅक्टर त्याच वाटेने गेले. त्यामुळे क्लचपर्यंत पोचायचे तर ट्रॅक्टरचे मधून दोन भाग करावे लागतात. बोनेट, बॅटरीची जोडणी, वायरिंग, डिझेलची नळी, स्टिअरिंगचा रॉड, हायड्रॉलिकचे पाइप हे सगळे आधी सुटे करायचे. मग एक काम विसरले की जीव जाऊ शकतो: पुढचा आस मधल्या एका पिनेवर झुलता असतो, म्हणून आस आणि त्यावरचा आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या. त्या नसतील तर जोड सुटताच इंजिन एका अंगाला कलंडते. गिअरबॉक्सखाली भक्कम स्टँड, इंजिनखाली चाकांचा जॅक, मग बोल्ट काढून पुढचा भाग सरळ रेषेत पुढे न्यायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी मध्ये हात घालू नये. आंब्याच्या फांदीला चेन ब्लॉक टांगून हे काम केले जाते, तिथे तर दुप्पट जपायला हवे.

एवढी मेहनत करून आत पोचल्यावर फक्त प्लेट बदलून ट्रॅक्टर जोडणे ही खोटी काटकसर आहे. क्लच बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही बाजूंची सीले त्याच वेळी बदलावीत; खर्चातला मोठा वाटा मजुरीचा आणि वाया गेलेल्या दिवसांचा असतो. फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक तडे किंवा खोल रेघा असतील तर ते लेथवर घासून घ्यावे लागते. त्यासाठी कुडाळ-कणकवली गाठावी लागते किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूर. फाउंड्री आणि लेथच्या कामात कोल्हापूरचे कसब जुने आहे आणि सिंधुदुर्गाच्या यंत्रांना त्याचा आधार मिळत आला आहे.

जुन्या प्लेटला नवे लायनिंग मारून घेण्याची पद्धतही चालू आहे. प्लेटचा मधला हब, त्याच्या स्प्रिंगा आणि खाचा ठीक असतील आणि प्लेट सरळ असेल, तर त्यात वावगे काही नाही. मात्र रिव्हेटची डोकी लायनिंगमध्ये पुरेशी बुडालेली हवीत. ती वर राहिली तर फ्लायव्हील कोरतात. हे लायनिंग ज्या धंद्यातून आले त्याचा उगमही शेतीच्या रस्त्यावरचाच आहे. इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर लाकडी चाकांना ब्रेक म्हणून जुन्या बुटांचे तुकडे लावत, ते पाहून हर्बर्ट फ्रूड याने १८९७ साली घर्षणाच्या वस्तूंचा उद्योग सुरू केला, तोच पुढे फेरोडो म्हणून प्रसिद्ध झाला. त्यानंतर कित्येक दशके लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस वापरले गेले. त्याची धूळ फुप्फुसाचा कर्करोग घडवते. जुना क्लच उघडल्यावर आत साठलेली राखाडी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय त्यामुळे घातक आहे. पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने पुसून, ते फडके पिशवीत बांधून टाकावे आणि तोंडाला मास्क लावावा. गॅरेजमध्ये काम शिकायला आलेल्या मुलांसाठी तर हा नियम सक्तीचा असावा.

जोडताना प्लेटची बाजू उलटी लागू नये; बहुतेक प्लेटांवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. प्लेट बरोबर मध्यावर यावी म्हणून डमी शाफ्ट घालून मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळतात. मग तिन्ही फिंगरांची उंची मोजायची. त्यांच्यातला फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत हवा. खाचांना ग्रीसचे नुसते बोट लावायचे, कारण जास्तीचे ग्रीस फिरताना उडून लायनिंगवरच जाते. आणि नवे क्लच बेअरिंग डिझेलमध्ये धुवायचे नाही. ते बंद बेअरिंग असते, त्यात कारखान्यात भरलेले ग्रीस डिझेलने विरघळून जाते आणि नवे बेअरिंग काही आठवड्यांत ओरडू लागते.

कोकणात ट्रॅक्टरइतकाच, किंबहुना लहान कुणग्यांत त्याहून सोयीचा, पॉवर टिलर. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ नंतर मित्सुबिशीच्या साहाय्याने आणि केरळच्या कॅम्को या सरकारी कंपनीने १९७३ पासून कुबोटाच्या साहाय्याने ही यंत्रे रुजवली. टिलरमध्ये इंजिनचा जोर व्ही-बेल्टने मुख्य क्लचकडे येतो आणि हा क्लच अनेक पातळ प्लेटांचा असतो. जोर मिळत नसेल तर आधी बेल्टचा ताण बघावा. सैल बेल्टचे घसरणे आणि क्लचचे घसरणे वरून सारखेच दिसते. शिवाय हँडलच्या दोन मुठींखाली दोन स्टिअरिंग क्लच असतात. डावा दाबला की डाव्या चाकाचा जोर तुटतो आणि टिलर डावीकडे वळतो. हे सपाटीवर. उतारावर इंजिन चाकांना रोखून धरत असते, त्यामुळे डावा दाबला की डावे चाक मोकळे होऊन वेगाने पुढे जाते आणि टिलर उजवीकडे वळतो. एका कुणग्यातून खालच्या कुणग्यात उतरताना नव्या चालकाचा टिलर भलतीकडे जातो तो यामुळे. उतारावर मुठी वापरूच नयेत, हँडल हाताने वळवावे.

केंद्र सरकारच्या २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजारे भाड्याने देणाऱ्या अवजारे बँका आल्या. एकच ट्रॅक्टर अनेक हातांखाली चालू लागला, की सर्वांत आधी क्लच थकतो. कुणी पायडलवर पाय ठेवूनच चालवतो, कुणी मेर चढताना हाफ क्लचवर ट्रॅक्टर तोलून धरतो, कुणी थांबल्यावर गिअर न काढता क्लच दाबून गप्पा मारतो. बेअरिंग फिरतेच आहे, प्लेट तापतेच आहे. अशा बँकांनी डिझेलच्या नोंदीशेजारी पायडलच्या खेळाचा एक रकाना वहीत ठेवावा आणि ५० तासांनी एकदा तो भरावा. तीन नोंदींत आकडा उतरत गेलेला दिसला, की प्लेट किती वेगाने झिजते आहे ते खोलण्याआधीच कळेल. किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी चालकांच्या प्रशिक्षणात एक दुपार फक्त क्लचसाठी राखून ठेवली, तर ती या जिल्ह्याच्या गरजेची ठरेल.

ट्रॅक्टर ज्यांच्या घरी आहे त्यांनी या वर्षी रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे २५ मेच्या आत, तीन गोष्टी कराव्यात: फोर्कचा दांडा हाताने हलवून पाहावा, पायडलचा खेळ पट्टीने मोजून पुस्तिकेशी ताडावा आणि बेल हाउसिंगच्या तळाचे भोक तारेने मोकळे करून त्यात नवी स्प्लिट पीन सोडावी. मोकळ्या सपाट जागी वरच्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून, कमी रेसवर क्लच हळूच सोडून पाहावा; इंजिन बंद पडले तर प्लेट पकडते आहे. बंद न पडता चालूच राहिले, तर मेस्त्रीला मे महिन्यातच बोलवावे. मृगाचा पाऊस सुरू झाला की जिल्ह्यातल्या प्रत्येक गॅरेजसमोर रांग असते, आणि भाताचा तरवा रोपवाटिकेत तीन-चार आठवड्यांपलीकडे थांबत नाही.